आजीव सदस्यापासून तासिकेपर्यंत

1885 या एका वर्षात पुण्यात आणि नागपुरात अशी दोन महाविद्यालये उघडली, की त्यांची तुलना केल्याशिवाय खासगी उच्च शिक्षणाची पुढची सव्वाशे वर्षे नीट उलगडत नाहीत. 2 जानेवारीला पुण्यात फर्ग्युसन सुरू झाले. त्याच वर्षी नागपुरात चीफ कमिशनर मॉरिस यांच्या नावाने मॉरिस कॉलेज उभे राहिले. पुण्याच्या महाविद्यालयामागे डेक्कन एज्युकेशन सोसायटी होती आणि सोसायटीचे आजीव सदस्य म्हणजे वर्गात उभे राहून शिकवणारेच लोक होते. वीस वर्षे सेवा, महिना 75 रुपये, आणि संस्थेच्या कारभारात बरोबरीचे मत, असा तो करार. टिळक, आगरकर, गोखले, कर्वे, रँग्लर परांजपे हे सगळे या व्यवस्थेतले. मॉरिस कॉलेजचा जन्म वेगळ्या कुळात झाला. तिथे पैसा देणारे, कारभार पाहणारे आणि शिकवणारे असे तीन वेगळे वर्ग होते. दोन वर्षे आधी, 1883 मध्ये, स्कॉटिश मिशनने नागपुरात हिस्लॉप कॉलेज काढले होते. तिथेही चालवणारे मिशन होते आणि अध्यापक नेमलेले होते. नागपूरकर प्राध्यापकाच्या वाट्याला पहिल्यापासून संस्थेची मालकी आली नाही, नोकरी आली.

पुण्याच्या त्या प्रयोगाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. आजीव सदस्यांनी बाहेरून पैसे मिळवावेत की नाही, पगारात कोणाला काय वाढ द्यावी, या वादात टिळकांनी 1890 मध्ये सोसायटी सोडली. म्हणजे अध्यापकच मालक असले तरी पगाराचे भांडण टळत नाही. विद्यार्थ्याला तर त्या व्यवस्थेत मतच नव्हते. पण एक गोष्ट होती. ज्याचा पगार ठरत होता तो माणूस, पगार ठरवणाऱ्या बैठकीत बसलेला होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण नागपूर आणि विदर्भाच्या खासगी महाविद्यालयांचा पुढचा इतिहास म्हणजे त्या बैठकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाने आत जागा कशी मिळवली याचाच इतिहास आहे.

नागपूर विद्यापीठ 4 ऑगस्ट 1923 ला स्थापन झाले तेव्हा त्याच्याशी सहा महाविद्यालये जोडलेली होती आणि विद्यार्थी होते 927. आज एखाद्या मोठ्या महाविद्यालयाच्या एका शाखेत एवढी मुले असतात. या सहांची पुढे शेकड्यांत वाढ झाली ती मुख्यतः खासगी संस्थांमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. जमनालाल बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे वर्ध्याचे शिक्षा मंडळ 1914 चे. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था 1932 मध्ये काढली. शेतकऱ्याच्या मुलाला तालुक्याच्या गावी महाविद्यालय आणि राहायला वसतिगृह मिळाले ते अशा संस्थांमुळे. नागपुरात मुलींसाठी वुमेन्स एज्युकेशन सोसायटीने काढलेले महाविद्यालय पुढे लेडी अमृतबाई डागा यांच्या नावाने, म्हणजे आजच्या बोलण्यात ‘एलएडी’ म्हणून, ओळखले जाऊ लागले. दीक्षाभूमीवर 1964 मध्ये डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले, त्यामागे एक समाज स्मारक समितीच्या रूपाने उभा राहिला होता. सरकारने हे सगळे केले असते तर आणखी पन्नास वर्षे लागली असती. संस्थांनी वसतिगृहे दिली, फी माफ केली, पुस्तके दिली, आणि अनेकदा चालकांनी स्वतःच्या शेताचे उत्पन्न त्यात घातले. विद्यार्थ्याच्या आधाराचा हा पहिला अध्याय खराच आहे आणि तो कोणी नाकारू नये.

पण दानतीची एक अडचण असते. ती देणाऱ्याच्या हयातीपुरती आणि मर्जीपुरती टिकते. पहिल्या पिढीच्या चालकाने गरीब मुलाची फी माफ केली ती त्याच्या मनात होती म्हणून; दुसऱ्या पिढीने ती वसूल केली तर विद्यार्थ्याच्या हातात दाखवायला कागद नसतो. अध्यापकाचेही तसेच. चालक चांगला असेल तर पगार पहिल्या तारखेला, नसेल तर सवडीने. या प्रकरणाचे म्हणणे असे, की खासगी महाविद्यालयांत विद्यार्थी आणि अध्यापक यांना जो आधार टिकून राहिला, तो चांगुलपणाचे लेखी नियमात रूपांतर करून घेणाऱ्या संघटनांनी मिळवून दिला; आणि जिथे असा नियम झाला नाही, तिथे चांगुलपणाही फार दिवस राहिला नाही.

हे रूपांतर कसे होते ते पाहण्यासाठी एक जुना खटला उपयोगी आहे. खासगी संस्थेतला कर्मचारी कायद्याच्या जुन्या समजुतीनुसार मालकाचा नोकर. मालकाने बेकायदा काढून टाकले तर नोकराने फार तर नुकसानभरपाई मागावी. नोकरी परत मागता येत नाही, कारण कोणावर कोणाला कामाला ठेवण्याची सक्ती न्यायालय करत नाही. विद्यापीठांनी यावर उपाय म्हणून वटहुकमाच्या रूपात ‘कॉलेज कोड’ आणले होते. अध्यापकाला काढण्यापूर्वी त्याच्यावरचे आरोप त्याला लेखी कळवावेत, त्याचे म्हणणे ऐकावे, अशा गोष्टी त्यात होत्या. प्रश्न असा होता, की हा कोड म्हणजे कायदा की सदिच्छा? सागर विद्यापीठ मध्य प्रांताच्या हिंदी भागासाठी 1946 मध्ये वेगळे निघालेले. त्याच्या कॉलेज कोडखाली बिलासपूरच्या एका खासगी महाविद्यालयातील अध्यापकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने कोड म्हणजे केवळ करारातील अट असे मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये ते बदलले आणि सांगितले, की कोडला कायद्याचे बळ आहे आणि अध्यापकाला त्यातून कायदेशीर हक्क मिळतो. एका माणसाच्या भांडणातून शेकडो अनोळखी अध्यापकांच्या पायाखाली जमीन आली. पुढे विद्यापीठ कायद्यातच न्यायाधिकरणाची तरतूद झाली. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यात त्याकडे अपील करण्याची तरतूद कलम 59 मध्ये होती, 2016 च्या कायद्यात कलम 81 मध्ये आहे. बडतर्फ झालेला अध्यापक तिथे अपील करतो आणि न्यायाधिकरण त्याला कामावर परत घ्या असा आदेश देऊ शकते. दिवाणी न्यायालयाच्या दारात वीस वर्षे बसण्यापेक्षा ही वाट पुष्कळ जवळची.

नियम असणे आणि तो वापरता येणे यात मात्र अंतर आहे. एकटा अध्यापक, तोही तालुक्याच्या गावचा, संस्थेच्या अध्यक्षाविरुद्ध अपील करायला निघाला तर त्याला वकील, कागद आणि धीर या तिन्ही गोष्टी लागतात. संघटनेचे काम इथून सुरू होते. नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचा ‘नुटा’, हे त्याचे या भागातले सर्वांत ठळक उदाहरण. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले तरी नुटाने आपले क्षेत्र तोडले नाही. या संघटनेचे नेतृत्व दीर्घकाळ प्रा. बी. टी. देशमुख यांच्याकडे राहिले. 1980 ते 2010 अशी सलग तीस वर्षे ते अमरावती पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर अपक्ष म्हणून निवडून गेले. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषावर आकड्यांनिशी बोलणारा माणूस म्हणून ते राज्यात ओळखले गेले. पण प्राध्यापकांच्या दृष्टीने त्यांची खरी देणगी म्हणजे कागद वाचण्याची शिस्त. नुटाचे बुलेटिन उघडून पाहावे. शासन निर्णय, न्यायालयाचे निकाल, विद्यापीठाच्या अधिसभेतले प्रश्न, सहसंचालक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार असे सगळे जसेच्या तसे, बारीक टायपात. रंजक अजिबात नाही. परंतु गोंदियाच्या किंवा वाशीमच्या महाविद्यालयात बसलेल्या अध्यापकाला आपल्या हक्काचा नेमका शासन निर्णय कोणता, त्याची तारीख काय, हे यातून कळत असे. विधान परिषदेची घटनेतली रचनाच अशी, की बाराव्या हिश्श्याच्या जागा पदवीधर आणि बाराव्या हिश्श्याच्या शिक्षक निवडून देतात; महाराष्ट्रात त्या सात आणि सात आहेत. या जागा ठेवण्यामागे घटनाकारांच्या मनात काय होते ते असो, विदर्भात संघटनेने त्यांचा उपयोग महाविद्यालयाच्या पगारपत्रकातली चूक सभागृहात मांडण्यासाठी करून घेतला.

पगाराचे उदाहरण घेतले की हे आणखी स्पष्ट होते. खासगी महाविद्यालयाला सरकारी अनुदान मिळते, ते संस्थेच्या हाती जाते, आणि संस्था त्यातून अध्यापकाला देते. या साखळीत किती सही आणि किती हाती असा प्रश्न पूर्वी सर्रास येई. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणी लागू झाल्या आणि वेतनाची जबाबदारी राज्य सरकारने घेतली, तेव्हा हा प्रश्न अनुदानित महाविद्यालयांपुरता बराचसा मिटला. दुसरा मोठा टप्पा निवृत्तिवेतनाचा. अशासकीय महाविद्यालयांतील अध्यापकांना 1 ऑक्टोबर 1982 पासून सरकारी नोकरांसारखे निवृत्तिवेतन लागू झाले. त्यापूर्वी आयुष्यभर शिकवून साठाव्या वर्षी भविष्य निर्वाह निधीची एक रक्कम घेऊन घरी जायचे. अमेरिकेत हाच प्रश्न उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या लक्षात आला तेव्हा त्याने 1905 मध्ये स्वतःच्या पैशातून प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी संस्था काढली. एवढ्या मोठ्या धनिकाच्या देणगीलाही सगळ्यांना फुकट निवृत्तिवेतन पुरवणे झेपेना, म्हणून 1918 मध्ये अध्यापक आणि महाविद्यालय दोघांनी हप्ता भरायची विमा व्यवस्था उभी करावी लागली. तिथेही दानाची जागा शेवटी नियमाने घेतली. आपल्याकडे ती सरकारी आदेशाने घेतली, एवढाच फरक. आणि सरकारी आदेश बदलतो, हा त्याचा दुसरा अर्थ: 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना ते जुने निवृत्तिवेतन उरले नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. हे सगळे तर न्यायालयाने आणि सरकारने दिले, संघटनांचे त्यात काय? उत्तर असे, की न्यायालय आपणहून कोणाच्या दारी जात नाही, आणि सरकारने काढलेला निर्णय आपणहून संस्थेच्या पगारपत्रकात उतरत नाही. 1965 चा निकाल कायद्याच्या पुस्तकात आला, पण पवनीच्या किंवा दर्यापूरच्या चालकाने तो पाळावा यासाठी कोणीतरी त्याला पत्र लिहावे लागते, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, मग विद्यापीठाकडे तक्रार, मग अधिसभेत प्रश्न. हे कंटाळवाणे काम वर्षानुवर्षे करणारी यंत्रणा म्हणजे संघटना. मोर्चा वर्तमानपत्रात येतो, स्मरणपत्र येत नाही. म्हणून लोकांना संघटना म्हणजे फक्त मोर्चा वाटतो.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्याच्या बाजूने आहे आणि तो अधिक टोचणारा. प्राध्यापकांच्या संघटना संप करतात, आणि भरडला जातो तो विद्यार्थी. 4 फेब्रुवारी 2013 पासून राज्यातल्या प्राध्यापकांच्या महासंघाने, एम्फुक्टोने, परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. तो मे महिन्यात उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर संपला. उन्हाळी परीक्षा, निकाल, पुढचे प्रवेश सगळे अडकले. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी ही एक मागणी होती. दुसरी होती नेट-सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांची. 19 सप्टेंबर 1991 ला नेट-सेटची अट आली, आणि त्या दिवसापासून 3 एप्रिल 2000 पर्यंत ही परीक्षा उत्तीर्ण न झालेल्यांच्याही नेमणुका होत राहिल्या, कारण पात्र उमेदवार मिळत नव्हते. या हजारो लोकांची सेवा धरायची कुठून, हा वाद. सरकारने संपकाळातला 71 दिवसांचा पगार रोखला आणि त्यावरची न्यायालयीन लढाई पुढे कित्येक वर्षे चालली.

परीक्षेवर बहिष्कार हे हत्यार चुकीचे होते असे माझे मत आहे. ज्याच्याशी भांडण नाही त्याला ओलीस धरून भांडण जिंकले तरी विश्वास जातो, आणि 2013 नंतर प्राध्यापकांविषयी लोकांच्या मनात जी अढी बसली ती अजून पुरती गेलेली नाही. पण म्हणून मागणी चुकीची ठरत नाही, आणि विद्यार्थ्याचे हित व अध्यापकाचे हित एकमेकांविरुद्ध असतात असेही ठरत नाही. नऊ वर्षे पात्रतेविना नेमणुका करणाऱ्या संस्था, त्यांना मान्यता देणारी विद्यापीठे आणि पगार देणारे सरकार, या तिघांनी वेळेवर निर्णय घेतला असता तर विद्यार्थ्याची ती उन्हाळी परीक्षा अडली नसती. कामाचा हिशेब न मिटलेला अध्यापक वर्गात पूर्ण मनाने उभा राहत नाही, ही गोष्ट कोणत्याही पालकाला पटेल.

दोघांचे हित कागदावर कसे एकत्र येते ते विनाअनुदानित महाविद्यालयांत दिसते. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायची परवानगी दिली. नागपुरात पुढच्याच वर्षी यशवंतराव चव्हाण आणि रामदेवबाबा ही अभियांत्रिकी महाविद्यालये उघडली. मागोमाग हिंगण्याच्या रस्त्यावर, काटोल रस्त्यावर, वर्धा रस्त्यावर शिक्षणाचा एक नवा उद्योगच वसला. कर्नाटकात प्रवेश घेण्यासाठी जाणारी विदर्भातली मुले आता इथेच राहू लागली, हा त्याचा फायदा. देणगी आणि फी हा त्याचा दुसरा चेहरा. राज्याला 1987 मध्येच देणगीबंदीचा कायदा करावा लागला. इथे पहिल्यांदा चालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. खासगी वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांच्या चालकांची संघटना तर आपली स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेत असे. ‘नीट’ ही सामायिक परीक्षा सक्तीची झाल्यावर ती बंद पडली. खासगी संस्थांनी न्यायालयात मोठे निकाल मिळवले. टी. एम. ए. पै प्रकरणात 2002 मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने आणि पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 2005 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांच्या स्वायत्ततेला मान्यता दिली, पण नफेखोरी आणि देणगी चालणार नाही असेही बजावले. त्यातूनच फी ठरवणाऱ्या समित्या आल्या, आणि महाराष्ट्रात 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण.

आता या प्राधिकरणासमोर महाविद्यालय काय ठेवते? खर्चाचा हिशेब. त्यात सर्वांत मोठा आकडा असतो अध्यापकांच्या पगाराचा. पगार जितका जास्त दाखवला तितकी फी जास्त मंजूर होते. मग पगारपत्रकावर आयोगाची पूर्ण श्रेणी आणि प्रत्यक्ष खात्यात त्याचा अर्धा भाग, किंवा खात्यात पूर्ण आणि नंतर रोख परतावा, अशा तक्रारी राज्यभर वर्षानुवर्षे होत आल्या. असे जिथे घडते तिथे एकाच खोट्या आकड्याने अध्यापक आणि विद्यार्थी दोघेही लुटले जातात. पहिल्याला तो आकडा मिळत नाही, दुसऱ्याला तो भरावा लागतो. तपासणी अधिकारी वर्षातून एकदा येतो आणि कागद पाहतो. कागद खरा की खोटा हे सांगू शकणारा माणूस एकच, ज्याच्या नावासमोर तो आकडा लिहिला आहे तो. पण विनाअनुदानित महाविद्यालयातला अध्यापक बोलत नाही, कारण त्याच्यामागे उभी राहील अशी संघटना एकतर नाही किंवा कमजोर आहे. अनुदानित महाविद्यालयात जे काम नुटाने केले, ते इथे झाले असते तर त्याचा पहिला लाभार्थी फी भरणारा पालक ठरला असता.

चालकांच्या संघटनांनी विद्यार्थ्यांसाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे आणि फी प्रतिपूर्तीचे पैसे सरकारकडे थकतात तेव्हा ते मिळावेत म्हणून मंत्रालयात खेटे घालतात ते चालकच. पैसे थकले की पगार थकतो आणि महाविद्यालय मुलाची कागदपत्रे अडवून धरते. म्हणून ही वसुली मुलांच्याही भल्याची. पण या मदतीची मर्यादा तिच्या पोटातच आहे. संघटना विद्यार्थ्याच्या नावाने मागते ते महाविद्यालयाचे येणे असते. 2014 च्या सुमारास गडचिरोलीपासून उघडकीला आलेल्या शिष्यवृत्ती घोटाळ्यात तर विद्यार्थी नुसते कागदावर होते आणि शिष्यवृत्ती खरी. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्यानंतर पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात, महाडीबीटी पोर्टलवरून, ही व्यवस्था आली. चालकांनी तिच्यावर नाराजी दाखवली. त्यांच्या दृष्टीने कारण खरे होते, कारण खात्यात आलेले पैसे गरीब घरात फीपर्यंत पोहोचतातच असे नाही. तरीही ज्याच्या नावाचा पैसा त्याच्या हातात, हे तत्त्व मोडावे असे मला वाटत नाही.

चालकांच्या एकत्र येण्याचा दुसरा उपयोग आपल्याकडे जवळजवळ झालाच नाही. अमेरिकेतल्या लहान खासगी महाविद्यालयांची एक परिषद 1956 पासून आहे. तिची सदस्य महाविद्यालये एकमेकांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी माफ करून प्रवेश देतात. कॅलिफोर्नियात क्लेअरमाँट इथली महाविद्यालये 1925 पासून ग्रंथालयासारख्या सेवा सामायिक ठेवतात. एकट्या महाविद्यालयाला जे परवडत नाही ते दहा जणांनी मिळून घ्यायचे, एवढा साधा हिशेब. नागपुरातच पाहा. शेजारीशेजारी, कधी एकाच भिंतीला लागून असलेल्या महाविद्यालयांची ग्रंथालये वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, आणि महाग उपकरण दोन्हीकडे धूळ खात पडलेले. समुपदेशक एकाही ठिकाणी पूर्णवेळ नाही. चार महाविद्यालयांनी मिळून एक नेमला असता तर चारही ठिकाणी आठवड्यातून एक दिवस मिळाला असता. ई-पुस्तकांच्या बाबतीत हे घडले, ते केंद्र सरकारच्या ‘एन-लिस्ट’ योजनेमुळे. वर्षाला काही हजार रुपयांत लहान महाविद्यालयालाही लाखो ई-पुस्तके उघडी झाली. प्रत्येक संस्था स्वतःचा किल्ला सांभाळत बसली, म्हणून सामायिक विहीर खणायला सरकारला यावे लागले.

विद्यार्थ्यांची स्वतःची संघटना हा या साखळीतला सर्वांत दुबळा दुवा आहे. महाराष्ट्रात 1994 च्या कायद्याने महाविद्यालयीन निवडणुका थांबवल्या आणि गुणानुक्रमे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांनी त्याआधी पालकांना घाबरवले होते, हे खरे. पण वर्गात पहिला येणारा मुलगा परीक्षा शुल्काविरुद्ध भांडेल अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे. 2016 च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, त्या कागदावरच राहिल्या. त्याच कायद्याने अधिसभेत दहा प्राचार्य, दहा अध्यापक, दहा पदवीधर आणि सहा व्यवस्थापन प्रतिनिधी निवडून येतात. विद्यार्थी परिषदेच्या वाट्याला अध्यक्ष आणि सचिव अशा दोन जागा आहेत. परिषदच निवडून येणार नसेल तर त्या खुर्च्यांचा उपयोग काय?

उरला तो अध्यापक, ज्याच्याविषयी हे प्रकरण सुरू झाले. 25 मे 2017 च्या शासन निर्णयाने नोकरभरती थांबली. नंतर काही पदे टप्प्याटप्प्याने भरायला परवानगी मिळाली, 2021 मध्ये 2088 पदांना. तरी रिकाम्या जागा त्याहून कितीतरी जास्त. त्या जागांवर आज तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मोबदला घेणारे, अध्यापक शिकवतात. त्यांना 2018 मध्ये पदवीच्या एका तासाला 500 रुपये आणि 2023 मध्ये 900 रुपये ठरले. सुट्टीचे काही नाही, मे महिन्याचे काही नाही, आणि देयक निघायला दिवाळी उलटते. पेपर तपासणे, प्रवेशाचे काम, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली हे सगळे याच लोकांकडून करून घेतले जाते. संघटनांनी यांच्यासाठी निवेदने दिली, मोर्चेही काढले. पण संघटनेच्या बैठकीत निर्णय घेणारे कायम नोकरीतले, आणि त्यांचा तातडीचा प्रश्न थकबाकीचा. जी टीका या प्रकरणात संस्थाचालकांवर केली, तीच इथे संघटनांनाही लागू पडते: बैठकीबाहेरच्या माणसाविषयी सहानुभूती पुष्कळ, त्याला खुर्ची मात्र नाही.

यावर कोणी म्हणेल, तासिकेवरचे अध्यापक तात्पुरते, त्यांना संघटनेत घेऊन काय करणार? पण दहा-दहा, बारा-बारा वर्षे एकाच महाविद्यालयात तासिकेवर शिकवणारे लोक तात्पुरते नसतात, त्यांची नेमणूक तेवढी तात्पुरती असते. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलाला समोर उभा असलेला माणूस कोणत्या लेखाशीर्षाखाली आला हे माहीत नसते. त्याच्या दृष्टीने तोच सर, त्याच मॅडम. ज्या महाविद्यालयात निम्मे अध्यापन तासिकेवर चालते, तिथल्या विद्यार्थ्याला आधार द्यायचा तर या लोकांपासूनच सुरुवात करावी लागेल. आणि त्यांना बैठकीत खुर्ची देण्याला कायद्याचीच आडकाठी आहे. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ‘अध्यापक’ या शब्दाची व्याख्या पूर्णवेळ, मान्यताप्राप्त अध्यापक अशी आहे. अधिसभेच्या दहा जागांसाठी तोच उभा राहू शकतो आणि मतही तोच देतो. नागपुरात रोज सकाळी हजेरीपट उघडून वर्ग घेणाऱ्या कितीतरी जणांची नावे त्या मतदार यादीत नाहीत.